पाच रेघा

फरशीवर पडलेल्या मायक्रोमीटरचा आवाज कसा असतो, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर डबा खाणाऱ्या सोबत्यांनाही नाही. पितळेचा तांब्या पडला तर सारं घर दणाणतं. स्टीलची वाटी पडली तर ती गरगरत, कुरकुरत, आपल्या पडण्याचा गाजावाजा करत थांबते. मायक्रोमीटर मात्र एकदाच वाजतो. आखूड, कोरडा, खट्ट असा. आणि मग अशी नि:शब्दता पसरते की भिंतीवरचा पंखासुद्धा आपल्याकडेच बघत असावा असं वाटतं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो माझ्या हातून पडला. मी उचलला, मऊ फडक्याने पुसला आणि मान वर करून पाहिलं. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. कुणी नव्हतं, हेच माझं दुर्दैव!

मी जळगावला विद्यापीठाच्या विज्ञान विभागांसाठी सुटे भाग घडवणारा माणूस. संशोधकांची नावं कागदावर छापून येतात. त्यांच्या उपकरणांच्या पोटात जे पितळी खिळे, पोकळ नळ्या, केसाएवढ्या फटी असतात, त्या आमच्यासारख्यांच्या हातच्या. आमचं नाव कुठे येत नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. उलट त्या अनामिकतेत एक सुख होतं. कुणी मुलगी वा मुलगा वहीत काढलेली वेडीवाकडी आकृती घेऊन यावा, "भाऊ, असं काहीतरी पाहिजे" म्हणावं, आणि आठ दिवसांनी त्या 'काहीतरी'ला धातूचं वजन, कडा आणि चकाकी लाभावी, यासारखी निर्मितीची तृप्ती दुसरी कुठली? खानदेशातल्या उन्हाळ्यात तर हे काम म्हणजे व्रतच. दुपारी पत्र्याखाली धातूसुद्धा अंग सैल सोडतो. सकाळी घेतलेलं माप दुपारी तेच राहत नाही. म्हणून बारीक काम आम्ही सकाळीच उरकतो, घडवलेली वस्तू तासभर थंड फरशीवर निवू देतो आणि मगच तिचं अंतिम माप घेतो. उतावळ्या माणसाला ही विद्या येत नाही. आणि लपवणाऱ्या माणसाला? ते मला फार उशिरा कळलं.

मायक्रोमीटर म्हणजे घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं, मुठीत मावणारं अवजार. त्याच्या दोन जबड्यांत वस्तू धरायची, मूठ फिरवायची आणि मुठीवरच्या रेघा वाचायच्या. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. जबडे रिकामे मिटले की रेघ शून्यावर यायला हवी. ती आली नाही तर अवजार बिघडलं असं समजायचं. भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात मी उमेदवारी केली, तेव्हा माझे उस्ताद होते अमळनेरकडचे एक आबा. ते म्हणायचे, "पहिले शून्य देख, मंग माप ले. तुना हातवर मना भरोसा शे, अवजारवर नही." आमच्या त्या खात्यात एक रीत होती. कुणाच्या हातून मोजायचं अवजार पडलं, तर त्याने स्वत:च त्याला लाल चिंधी बांधायची आणि मधल्या टेबलावर सर्वांसमोर ठेवायचं. तपासणी होईपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. एकदा खुद्द आबांच्या हातून पडलं. सारं खातं श्वास रोखून बघत राहिलं. आबांनी खिशातून चिंधी काढली, गाठ मारली आणि म्हणाले, "मना हातथून पडनं भो. आज याले कोनी हात लावानं नही. आनि दात काढाना व्हतीन ते आत्तेच काढी ल्या." सगळे हसले. आबाही हसले. एवढंच. त्या चिंधीने त्यांची उंची तसूभर कमी झाली नाही.

मग मीच का नाही बांधली? माझ्या टेबलाच्या खणातही चिंध्या होत्या. ती रीत मीच जळगावला आणली होती, नव्या येणाऱ्यांना मीच शिकवली होती. पण इतक्या वर्षांत माझ्या अवजाराला चिंधी बांधण्याची वेळ आली नव्हती आणि विभागात माझी ख्याती होती ती तीच. 'त्यांच्या हातून काही पडत नाही' हे वाक्य मी कितीदा चहाच्या घोटाबरोबर ऐकलं होतं! वाक्य गोड होतं आणि मी ते गोडच मानून घेतलं होतं. त्या सकाळी शून्य पाहिलं असतं तर खरं काय ते कळलं असतं. कळलं असतं तर चिंधी बांधावी लागली असती. म्हणून मी पाहिलंच नाही. आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल कुणी आपल्याला जबाबदार धरत नाही, असा एक नीच, चतुर हिशेब माणसाच्या मनात क्षणार्धात होऊन जातो. मी अवजार पेटीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच अवजाराने रुखसानाची रिंग मोजली.

तिचं खरं नाव लिहिण्याचा अधिकार मी गमावला आहे. इथे तिला रुखसाना म्हणतो. धुळ्याची मुलगी. वडील यंत्रमागांचे मिस्त्री. कुठल्या मागाचा कुठला दात झिजलाय हे आवाजावरून ओळखणारे. ती भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती. सरकीच्या तेलात धातूची अतिसूक्ष्म भुकटी मिसळली तर ते उष्णता किती वेगाने वाहून नेतं, हे तिला मोजायचं होतं. तिच्या उपकरणात दोन तांब्याच्या चकत्या होत्या. त्यांच्यामध्ये तेल भरायचं, एका बाजूने ऊब द्यायची, दुसऱ्या बाजूला किती पोचली ते पाहायचं. दोन चकत्यांमधलं अंतर बरोबर अर्धा मिलिमीटर राहावं म्हणून मध्ये कडक फायबरची एक पातळ रिंग बसवलेली असे. ती रिंग माझ्या हातची. सगळा हिशेब त्या अर्ध्या मिलिमीटरवर उभा.

पहिली रिंग, मायक्रोमीटर पडण्याआधी केलेली, निर्दोष होती. तिच्यावर रुखसानाने आधी पाणी मोजलं, मग साधं तेल मोजलं. पुस्तकातले आकडे आणि तिचे आकडे जुळले. मग साफ करताना तिच्याच हातून ती रिंग दुमडली. ती धावत वर्कशॉपमध्ये आली, चेहरा एवढासा. "भाऊ, मोडली. रागवा आता." मी म्हटलं, "मोडायलाच करतो मी, नाहीतर आमची नोकरी कशी टिकेल?" ती हसली. आणि मी दुसरी रिंग केली. बारीक पॉलिश पेपरवर घासत, घासत, मायक्रोमीटर अर्धा मिलिमीटर दाखवीपर्यंत. देताना म्हटलंही, की नव्या रिंगवर पुन्हा एकदा पाणी मोजून बघ. ती म्हणाली, "तुम्ही दिलीय ना? मग त्यात काय मोजायचं! हलवायाकडची जिलबी कुणी तोलून खातं का?" तिच्या त्या विश्वासाचा मला अभिमान वाटला.

पुढचे तीन महिने तिचे आनंदाचे. भुकटी मिसळलेलं तेल अपेक्षेपेक्षा जवळजवळ दहाव्या हिश्शाने अधिक उष्णता वाहून नेत होतं. तिचे मार्गदर्शक सर, एरवी मोजकंच बोलणारे, व्हरांड्यात उभे राहून ज्याला त्याला सांगू लागले. बाहेरगावच्या एका परिषदेत त्यांनी ते आकडे वाचलेही. रुखसाना धुळ्याहून येताना पेढे घेऊन आली, आणि पहिला पेढा तिने मला दिला. यशाचा पहिला घास आपल्याला मिळावा, असं आपण काय केलेलं असतं? कधीकधी आपण ते यशच खोटं घडवलेलं असतं!

तीन महिन्यांनी दुसऱ्या एका कामात पितळेचं बूच भोकात बसेना. किती घासलं तरी बसेना. तेव्हा नाइलाजाने, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मी मायक्रोमीटरचे जबडे रिकामे मिटवून पाहिले. रेघ शून्यावर नव्हती. पाच रेघा पुढे होती. पाच रेघा! पडताना बाहेरची नळी किंचित फिरली होती. वस्तू असेल त्याहून अवजार पाच रेघा जाड दाखवत होतं. अर्धा मिलिमीटर समजून मी रुखसानाला दिलेली रिंग प्रत्यक्षात त्याहून दहाव्या हिश्शाने पातळ होती. अंतर कमी, म्हणून उष्णता लवकर पोचली. तेलाने काहीच पराक्रम केला नव्हता. सगळा पराक्रम त्या पाच रेघांचा होता.

वाचकहो, इथवर जे घडलं ती चूक होती. माणसाच्या हातून चुका होतात आणि चुकीला क्षमा असते, असं मीही मानतो. यापुढचं चूक नाही. पेटीतल्या इवल्याशा चावीने मी नळी फिरवली, रेघ पुन्हा शून्यावर आणली. कसलीही नोंद केली नाही. मग बरोबर मापाची एक नवी रिंग केली, हुबेहूब आधीच्यासारखी, तिच्यावरचा पेन्सिलीचा छोटा बाणसुद्धा तसाच. आणि रुखसानाला निरोप धाडला, की रिंग आण, जरा कडा पॉलिश करून देतो. तिने आणली. मी आतल्या खोलीत गेलो, जुनी रिंग खिशात टाकली, नवी तिच्या हातात ठेवली. "थँक्यू भाऊ," ती म्हणाली. मला वाटलं, मी अन्याय निस्तरला. आता पुढचे आकडे खरे येतील, मागचे हळूहळू पुसले जातील. मौनाने केलेली दुरुस्ती ही दुसरी तोडमोड असू शकते, हे मला कळायला हवं होतं. मी काय अडाणी होतो?

प्रबंध पूर्ण करण्यापूर्वी सरांनी सगळे प्रयोग एकदा पुन्हा करायला सांगितले. तशी पद्धतच असते. रुखसानाने ते केले आणि तिचा चमत्कार नाहीसा झाला. तेच तेल, तीच भुकटी, तेच उपकरण. पण तो दहावा हिस्सा कुठे गेला? तिने आठवडाभर पुन:पुन्हा मोजलं. मग एका दुपारी ती वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. हसली नाही. म्हणाली, "भाऊ, एकच विचारते. रिंग तीच आहे ना?"

मी पितळेच्या चुऱ्यावर ब्रश फिरवत होतो. फिरवतच राहिलो. म्हटलं, "तीच."

"नाही म्हणजे, पॉलिश करताना जाडी थोडी इकडेतिकडे..."

"अगं, कडांना पॉलिश केलं. जाडीला कोण हात लावतं?"

"मग माझंच चुकतंय काहीतरी," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर तीन प्राध्यापकांची एक समिती बसली. परिषदेत वाचलेले आकडे आता येत नाहीत, तर तेव्हा कुठून आले, हा त्यांचा प्रश्न. आणि त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हाच प्रश्न विचारला असता. त्यांनी तिच्या वह्या मागवल्या. तिची एक सवय होती, प्रयोगाच्या वेळी चिठोऱ्यावर पेन्सिलीने आकडे टिपायचे आणि संध्याकाळी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरायचे. चिठोरे टाकून द्यायचे. ती नीटनेटकी, एकही खाडाखोड नसलेली वही तिच्याविरुद्ध साक्ष देऊ लागली. खरे आकडे इतके स्वच्छ असतात का, असं एकाने विचारलं म्हणे. मलाही बोलावलं. "उपकरणाच्या कुठल्या भागात काही बदल केला होता का?" मी म्हटलं, "नाही सर. फक्त पॉलिश." पहिल्या खोट्याला हातातल्या ब्रशचा आडोसा तरी लागला होता, दुसरं अगदी सहज निघालं. तिच्यावर कसलाही लेखी ठपका ठेवला नाही. फक्त सरांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं, की नोंदणी रद्द करून घेतलीस तर सगळ्यांनाच सोयीचं होईल. तिने घेतली.

तिचं सामान न्यायला वडील आले, त्या दिवशी ती कार्यालयात सह्या करत होती आणि ते माझ्या वर्कशॉपमध्ये बसले होते. मी चहा मागवला. यंत्रावरचा माणूस, नजर आपोआप लेथवर गेली, हात आपोआप तिच्या पात्यावरून फिरला. "मस्त ठेवली मशीन, साहब," म्हणाले. मग चहा बशीत ओतून निवू दिला. निवल्यावर म्हणाले, "तुम्ही तिला रोज बघत होते. लहानपनी दुकानातून साखर आनली तर घरी वजन करायची ती पोरगी. ती झूठ लिहेल का? तुम्ही बोला." मी म्हटलं, "नाही हो चाचा. ती असं करणार नाही." त्यांचे डोळे भरले. माझा हात हातात घेतला त्यांनी, दोन्ही हातांनी, आणि म्हणाले, "इथं एक तरी मानूस बोलला." ते आभार मी स्वीकारले! स्वत:च्याच हाताने केलेल्या जखमेवर फुंकर घालून वर दुवाही घ्यावा, इतका निर्लज्ज मी त्या पाच मिनिटांत होऊन गेलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जळगावच्या बाहेर केळीच्या घडांनी भरलेले ट्रक तसेच उभे असतात, उन्हाळे तसेच येतात, मी तसाच सकाळी बारीक कामं उरकतो. मायक्रोमीटर हातात घेतला की शून्य पाहतो. दिवसातून दहादा पाहतो. लोक म्हणतात, काय काटेकोर माणूस! माणूस काटेकोर केव्हा होतो, हे त्यांना कुठे ठाऊक? कितीतरी दक्षता ही नुसती भीती असते, हात धुऊन, स्वच्छ कपडे घालून उभी राहिलेली. विज्ञान सत्याचा शोध घेतं म्हणतात. घेतही असेल. पण ते सत्य जिथून सुरू होतं ती जागा कुठल्याशा वर्कशॉपमधल्या एका माणसाच्या जिभेवर असते, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला धुळ्याला गेलो होतो. दुपारी देवपुरात, पांझरेवरच्या पुलाच्या अलीकडे, उसाच्या रसाच्या गाडीपाशी सावलीला उभा होतो. मागून हाक आली, "भाऊ! तुम्ही इकडे कुठे?" रुखसाना. केसांत एकदोन पांढरे धागे, खांद्याला पिशवी, पिशवीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. एका शाळेत शिकवते म्हणाली. माझ्यासाठी रस सांगितला, "आलं घाला जरा, आमचे पाहुणे आहेत" असं रसवाल्याला बजावलं. तब्येत विचारली, वर्कशॉपचं विचारलं, सरांचंही विचारलं. कडवटपणाचा लवलेश नाही. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मग ग्लास हातात फिरवत म्हणाली, "एक सांगू भाऊ? मी अजून शोधते, माझं नेमकं कुठं चुकलं. तेव्हापासून डोळ्यांवर भरवसाच राहिला नाही. घराला कुलूप लावते, कोपऱ्यापर्यंत जाते, परत येऊन ओढून बघते. पेपरचे मार्क तीनतीनदा मोजते. अब्बा चिडवतात, म्हणतात कुलूप झिजून चोराचं काम सोपं होईल." ती स्वत:च हसली. "आकडे मी बघितले होते हो, माझ्या डोळ्यांनी बघितले होते. पण सगळे म्हणाले, नव्हतेच. मग वाटायला लागलं, नसतीलच."

मी तिथे उभा होतो. तिच्यापासून दोन हातांवर. भर दुपारी रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं, घाई नव्हती, मला अडवणारं जगात काहीही नव्हतं. आणि मी म्हणालो, "होतं गं असं कधीकधी."

"हो ना," ती म्हणाली. "अब्बा तुमची फार आठवण काढतात. या ना घरी, समोरच्याच गल्लीत पहिलं." मी बसची वेळ झाल्याचं सांगितलं. बस दर अर्ध्या तासाला आहे, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

इतके दिवस मी समजत होतो, मी तिची पदवी हिरावली. पदवी तर गेलीच. पण त्या रसाच्या गाडीपाशी मला दिसलं, की मी त्याहून आतलं काहीतरी उचलून नेलं आहे. तिने जे पाहिलं होतं ते खरोखरच पाहिलं होतं. तिचे आकडे अस्सल होते, तिची नजर अस्सल होती, तिची वही अस्सल होती. त्या सगळ्या प्रकरणात खोटा एकच होता आणि त्याला लोक काटेकोर म्हणतात. एखाद्याचं घर लुबाडलं तर तो दुसरं बांधील. ज्याच्या मनातून स्वत:च्या डोळ्यांची साक्षच काढून घेतली, त्याने कशावर उभं राहायचं?

हे लिहून माझं मन हलकं झालेलं नाही, आणि व्हावं अशी माझी लायकीही नाही. इथे तिचं नाव खोटं आहे, माझं नाव नाही, गावं तेवढी खरी आहेत. अशा कबुलीने कुणाचं काही भरून येत नाही. म्हणून मी काय देणं लागतो ते सरळ लिहितो. मी रुखसानाला तिच्या घरी जाऊन, तिच्या वडिलांच्या देखत, हे सांगणं लागतो की तिचं कुठेही चुकलं नव्हतं. रिंग मी बदलली होती आणि विचारल्यावर दोनदा खोटं बोललो. आणि विद्यापीठाला मी तेच सगळं माझ्या सहीने लेखी देणं लागतो. तिचे वडील हयात आहेत. घर मला माहीत आहे. अजून मी गेलेलो नाही.